नव्या देशात शिकार शिकायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळिशी उलटल्यावर मी दुसऱ्या देशात राहायला आले. तोवर बंदूक फक्त लांबून पाहिली होती. आता शिकारीचे नऊ हंगाम झाले, आणि नव्याने आलेले लोक मला जे विचारतात ते बरंचसं सारखंच असतं. म्हणून ते सगळं इथे एकत्र लिहिलं आहे. कायदेकानून खाली येतीलच, पण माझा खरा आग्रह पाचव्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. घाई असेल तर तो आधी वाचा.

मी त्या देशाची नागरिक नाही. मला शिकार करता येते का?

बहुतेक देशांत येते. घोटाळा होतो तो ‘परवाना’ हा एकच शब्द डोक्यात असल्यामुळे. प्रत्यक्षात गोष्टी चार आहेत: बंदूक बाळगण्याचा परवाना, शिकारीचा परवाना, ज्या जमिनीवर जाणार तिथली परवानगी, आणि पुष्कळदा त्या विशिष्ट प्राण्यासाठीचा टॅग (मारलेल्या प्राण्याला लावायची चिठ्ठी) किंवा कोटा. यातली एक असली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

अमेरिकेत कामाच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. म्हणजे तिथे क्रम उलटा: आधी शिकार परवाना, मग बंदुकीला हात. मित्राच्या बंदुकीने नेमबाजीच्या मैदानावर दोन गोळ्या झाडणंसुद्धा ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर ही अट लागू होत नाही. कॅनडात बंदुकीचा परवाना संघराज्य देतं, त्याआधी सुरक्षेचा कोर्स आणि परीक्षा असते, पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान 28 दिवस थांबावं लागतं, आणि शिकारीचा परवाना मात्र प्रांताकडून घ्यायचा. स्वीडनमध्ये आधी शिकारीची परीक्षा, मग प्रत्येक बंदुकीसाठी पोलिसांकडे वेगळा अर्ज, शिवाय दरवर्षी वन्यजीव शुल्क भरायचं, आणि ते वर्ष 1 जुलैपासून मोजतात.

बंदुकीच्या बाबतीतली चूक थेट तुमच्या व्हिसापर्यंत जाऊ शकते. तिथल्या माणसाला जिथे दंड भरून सुटता येतं, तिथे तुम्हाला देश सोडावा लागू शकतो. त्यामुळे ‘इथे सगळे असंच करतात’ हे वाक्य कानावर पडलं की तिथेच थांबा आणि नियम स्वतः वाचा.

परीक्षा खरंच अवघड असते का?

देशावर आहे. अमेरिकेच्या पुष्कळ राज्यांत शिकारी शिक्षणाचा कोर्स काही दिवसांत उरकतो. नॉर्वेत 30 तासांचा कोर्स आणि मग लेखी परीक्षा. जर्मनीत मात्र लेखी, तोंडी-प्रात्यक्षिक आणि नेमबाजी असे तिन्ही टप्पे पार करावे लागतात. लोक त्या परीक्षेला ‘हिरवी अबितुर’ म्हणतात. अबितुर म्हणजे तिथली शालान्त परीक्षा. प्राण्यांचे रोग, झाडं, पिकं, कुत्र्यांच्या जाती, कायदा, मांसाची स्वच्छता, सगळं विचारतात.

भाषा कच्ची आहे. चालेल का?

परीक्षेपुरती काही ठिकाणी दुसऱ्या भाषेची सोय होते. पण शिकार ही रानात, वॉकीटॉकीवर, कुजबुजत आणि कधी ओरडून केलेल्या बोलण्यावर चालते. ‘थांब’, ‘माणूस आहे’, ‘गोळी झाडू नकोस’, ‘जखमी आहे’, ‘माझ्या डावीकडे’ ही वाक्यं तिथल्या भाषेत, तिथल्या उच्चारात, अर्ध्या झोपेतही कळली पाहिजेत. मी हंगामाच्या आधी ही यादी स्वयंपाकघरात चिकटवली होती आणि घरच्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ती ओरडायला लावत होते.

त्यापलीकडे शिकाऱ्यांची स्वतःची बोली असते, आणि ती शिकण्यात फार गोडी आहे. जर्मन शिकारी प्राण्याच्या रक्ताला ‘घाम’ म्हणतात, हरणाच्या डोळ्यांना ‘दिवे’, आणि सशाच्या कानांना ‘चमचे’. परक्या तोंडून असा एक शब्द योग्य जागी आला की समोरच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याचा चेहरा उजळतो. हे मी स्वतः पाहिलं आहे.

रान मोकळंच आहे ना? मग परवानगी कुणाची घ्यायची?

नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी समजूत हीच. रानात फिरायचा हक्क वेगळा आणि शिकारीचा हक्क वेगळा. स्वीडनमध्ये कुणाच्याही जंगलातून चालावं, बेरी वेचाव्यात, तंबू ठोकावा. परंपरेने ती मुभा आहे. पण त्याच जंगलातला ससा मारायचा हक्क जमीनमालकाचा आहे. जर्मनीतही शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे, मात्र स्वतःचा स्वतंत्र इलाखा धरायला साधारणपणे सलग 75 हेक्टर जमीन लागते. त्याहून लहान तुकडे एकत्र करून गावातले मालक इलाखा भाड्याने देतात. भाडेकरू शिकाऱ्यावर जबाबदारीही येते: डुकरांनी मका उद्ध्वस्त केला तर शेतकऱ्याला भरपाई बहुतेक त्यालाच द्यावी लागते. अमेरिकेत वन्यप्राणी जनतेचे, राज्याच्या ताब्यातले. जमीन खाजगी असेल तर मालकाची परवानगी, सार्वजनिक असेल तर त्या जागेचे नियम. न्यूझीलंडमध्ये सरकारी संवर्धनक्षेत्रात हरणाच्या शिकारीचं परमिट फुकट मिळतं आणि हरणाला बहुतेक ठिकाणी बंद हंगामही नसतो, कारण तिथली हरणं बाहेरून आणून सोडलेली आहेत. त्या बेटांवर जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं.

नकाशात सीमा दाखवणारं ॲप घ्या, पण त्यावर विसंबून कुंपण ओलांडू नका. मालकाच्या दारात जाऊन बोलणं हा खरा मार्ग. संध्याकाळी जेवणाच्या वेळी जाऊ नका, बंदूक गाडीतही नेऊ नका, आणि ‘नाही’ म्हटलं तर आभार मानून निघा. मला दोनदा ‘नाही’ म्हणणाऱ्या शेतकरीणबाईंनी तिसऱ्या वर्षी स्वतः फोन केला, कारण रानडुकरांनी त्यांचं कुरण नांगरल्यासारखं उलथून टाकलं होतं.

माझ्या ओळखीत एकही शिकारी नाही. शिकणार कुणाकडून?

हाच तो पाचवा प्रश्न. माझं उत्तर: पहिलं वर्ष बंदुकीशिवाय काढा.

परीक्षा द्या, परवाना काढा, नेमबाजीचा सराव करा, पण पहिल्या हंगामात रानात जाल तेव्हा हात मोकळे असू द्या. स्थानिक शिकार मंडळाकडे किंवा नेमबाजीच्या क्लबात जा आणि सांगा, “मला हाकेवाल्यांत घ्या, ओझी वाहायला घ्या, मचाणं दुरुस्त करायला घ्या.” जिथे गट करून शिकार होते तिथे हाकारे घालायला, लाकडं तोडायला, मारलेला प्राणी ओढून आणायला माणसं कायम कमी पडतात. बंदूक मागणारा परका असेल तर लोक सावध होतात. ओझं उचलणाऱ्याला ते दुसऱ्याच दिवशी नावाने हाक मारतात.

मला शिकवलं ते सत्तरी ओलांडलेल्या शेजाऱ्यांनी. पहिल्या पहाटे आम्ही एका उतारावर पडलेल्या झाडाच्या खोडाला टेकून बसलो. त्यांनी खिशातून टाल्कची छोटी बाटली काढली आणि दाबली. पांढरी धूळ आमच्या चेहऱ्यांवरून मागे, ज्या पाऊलवाटेकडे तोंड करून बसलो होतो तिच्या उलट दिशेला गेली. वारा बरोबर होता. अर्ध्या तासाने सूर्य उतारावर आला, हवा तापली आणि तीच धूळ आता सरळ वाटेकडे निघाली. ते काही न बोलता उठले. मी विचारलं, “आता?” ते म्हणाले, “आता त्यांना आपण कळलो. उद्या.” एवढ्यासाठी दीड तास चालत आलो होतो. ऊन चढलं की उतारावरची हवा वर सरकते आणि संध्याकाळी गार होऊन खाली येते, हे मी पुस्तकात आधी वाचलं होतं. पण ते खरं शिकले त्या सकाळी, ओल्या बुटांनी परत चालताना.

त्या वर्षभरात मला लेंड्या ताज्या की शिळ्या ते कळायला लागलं. नराने शिंगं घासून सोललेली साल दिसायला लागली. चरणारी मादी मान वर करते तेव्हा ती माझ्याकडे बघते आहे की माझ्या मागे कुणाकडे, हेही ओळखू यायला लागलं. हातात रायफल असती तर यातलं निम्मंही दिसलं नसतं. बंदूक असली की डोळे फक्त सावज शोधतात.

पहिली बंदूक कुठली घेऊ?

आधी दुर्बीण घ्या, आणि ती चांगली घ्या. शिकारीतला बहुतेक वेळ बघण्यातच जातो, आणि रायफलवरच्या दुर्बिणीतून माणसं न्याहाळणं ही गंभीर चूक आहे: ज्याच्याकडे तुम्ही बघता त्याच्यावर तुमची नळी रोखलेली असते.

बंदुकीचं म्हणाल तर हरीण किंवा डुक्कर मारायचं असेल तर .308 किंवा .30-06 या मापाच्या काडतुसांची एक साधी बोल्ट रायफल (हाताने खिटी ओढून गोळी भरायची) वर्षानुवर्षं पुरते. पक्ष्यांसाठी 12 किंवा 20 बोअरची शॉटगन. किमान किती ताकदीची गोळी हवी ते कायदा ठरवतो. उदाहरणार्थ, जर्मनीत छोट्या रो-हरणासाठी 100 मीटरवर निदान 1000 जूल, आणि मोठ्या हरणांसाठी व डुकरांसाठी किमान 6.5 मिलिमीटर कॅलिबर (गोळीची जाडी) व 2000 जूल. गरजेपेक्षा दणकट बंदूक घेऊ नका. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढताना डोळे मिटतात, आणि ती सवय जाता जात नाही. दस्ता खांद्यात नीट बसतो का, दुर्बिणीत डोळा सहज लागतो का, हे दुकानात दहा वेळा उचलून पाहा. सेकंडहँड घ्यायला काहीच हरकत नाही.

घरात लोखंडी कपाट लागतंच, आणि पुष्कळ देशांत ते कायद्याने सक्तीचं आहे. भाड्याच्या घरात राहत असाल तर भिंतीला बोल्ट मारायची परवानगी घरमालकाकडून आधी घ्या.

नेम किती पक्का झाला की रानात जावं?

नॉर्वेची पद्धत मला आवडते. मोठ्या प्राण्यांच्या शिकारीआधी तिथे दरवर्षी 30 गोळ्यांचा सराव नोंदवावा लागतो, आणि मग 100 मीटरवर 30 सेंटिमीटरच्या वर्तुळात पाचच्या पाच गोळ्या बसवाव्या लागतात. तुमच्या देशात अशी सक्ती नसली तरी ही परीक्षा स्वतःची स्वतः घ्या. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून नव्हे. गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, काठीच्या आधाराने, आणि पन्नास पावलं पळून आल्यावर छाती धडधडत असताना. जितक्या अंतरावर पाचही बसतात ते तुमचं अंतर. त्यापलीकडचं सावज तुमचं नाही.

गोळी झाडण्याआधी काय काय बघायचं?

प्राणी कुठला, नर की मादी, सोबत पाडस आहे का, तो आडवा उभा आहे का, मागे दुसरा प्राणी आहे का, आणि गोळी आरपार गेली तर कुठे रुतेल. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. रायफलची गोळी काही किलोमीटर जाते; .22 ची एवढीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. मागे मातीचा चढ हवा. टेकडीच्या धारेवर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या प्राण्यावर गोळी झाडायची नाही, मग तो कितीही देखणा असो.

न्यूझीलंडच्या बंदूक-सुरक्षेच्या नियमांत एक आहे: लक्ष्य निःसंशय ओळखा. हलणारी फांदी, तपकिरी ठिपका, हरणासारखा आवाज, यातलं काहीही ओळख नाही. शिकाऱ्याने शिकाऱ्याला मारल्याच्या अपघातांमागे पुन्हा पुन्हा हेच निघतं की त्याला हरीण ‘वाटलं’. म्हणून झगझगीत नारिंगी जाकीट आणि टोपी घाला, सक्ती असो वा नसो. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही. निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून जीन्स घरी ठेवा.

प्राणी जखमी होऊन पळाला तर?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, आणि विचारतात याचं मला बरं वाटतं.

प्राणी पूर्ण आडवा उभा असताना पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर हृदय-फुप्फुसाचा भाग असतो. तिथे गोळी बसली तरी प्राणी पन्नास-शंभर मीटर पळू शकतो, त्यामुळे पळाला म्हणजे चुकला असं समजू नका. जागेवरून हलू नका. तो कुठे उभा होता, कुठल्या झाडामागे गेला, ते मनात पक्कं करा. पुन्हा गोळी भरा आणि थांबा. मग गोळी लागली त्या जागी जाऊन जमीन वाचा. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचं, ते दिसलं तर प्राणी जवळच असतो. काळपट लाल रक्त यकृताचं. हिरवट, आंबूस वासाचं काही दिसलं तर गोळी पोटात गेली आहे. अशा वेळी मागे धावलात तर तो घाबरून मैलभर जातो. कित्येक तास त्याला निवांत पडू द्यावं लागतं.

माझ्या चौथ्या हंगामात, ऑक्टोबरच्या संध्याकाळी, उजेड उतरत असताना मी एका नर हरणावर गोळी झाडली. तो किंचित तिरका उभा होता. मला ते दिसत होतं, आणि तरी मी झाडली, कारण आठवड्यातली ती शेवटची संध्याकाळ होती. तो पाठ कमानीसारखी करून झाडीत शिरला. बर्चच्या एका वाळक्या पानावर नखाएवढा हिरवट डाग होता. मी पान उचलून वास घेतला आणि पोटात गोळा आला. माग काढणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, “आता कुणी हलायचं नाही, पहाटे येतो.” रात्रभर मी झोपले नाही. सकाळी कुत्र्याने तीनशे पावलांवर, एका ओहोळाच्या कडेला तो शोधला. मेलेला होता, पण लगेच मेला नव्हता. भोवतालचं गवत पुन्हा पुन्हा उठबस केल्यासारखं दबलेलं होतं. निम्मं मांस वाया गेलं. त्या जागेला अजूनही दरवर्षी एकदा जाऊन येते.

कुत्र्याची सोय शिकारीच्या आधी करायची असते, नंतर नाही. स्वीडनमध्ये तर नियमच आहे: मूस (उत्तरेकडचं सगळ्यात मोठं हरीण), हरीण, रानडुक्कर अशा प्राण्यांच्या शिकारीत माग काढायला शिकवलेला कुत्रा गोळी झाडल्यापासून दोन तासांत जागेवर पोचू शकला पाहिजे. तुमच्याकडे सक्ती नसली तरी असा एक फोन नंबर खिशात असल्याशिवाय बंदूक भरू नका.

मारल्यावर पुढे काय? मला रक्त बघवत नाही.

बघवायला लागतं, हळूहळू. पहिल्या वर्षी बंदुकीविना जाण्याचा हाही एक फायदा: हे काम दुसऱ्याच्या सावजावर, दुसऱ्याच्या देखरेखीखाली शिकता येतं.

आधी टॅग लावायचा किंवा नोंद करायची असेल तर ती तिथल्या तिथे करा. मग लगेच पोट उघडायचं, कारण आतली उष्णता आणि आतड्यांतले जंतू मांस नासवतात. सुरी लहान आणि धारदार हवी. पोटाच्या कातडीखाली डाव्या हाताची दोन बोटं घालून, त्यांच्यामध्ये सुरीचं पातं वरच्या दिशेला धरून चिरत जायचं, म्हणजे टोक कोथळ्याला लागत नाही. मूत्राशय न दाबता काढायचं. श्वासनलिका आणि अन्ननलिका वर गळ्यापाशी कापली की सगळं एकत्र बाहेर येतं. थंडीच्या सकाळी उघड्या छातीतून वाफ उठते आणि गारठलेल्या बोटांना एकदम ऊब लागते. पहिल्यांदा मला त्या उबेनेच रडू आलं. शेजारी काही म्हणाले नाहीत, त्यांनी फक्त टॉर्च नीट धरला.

यकृत, फुप्फुसं, गाठी बघायला शिका. पांढरे ठिपके, पू, विचित्र वास, सुजलेल्या ग्रंथी असं काही दिसलं तर मांस खाऊ नका, जाणकाराला दाखवा. धड लवकर गार करा. मोठ्या प्राण्यासाठी युरोपात 7 अंशांखाली ही मर्यादा धरतात. उत्तरेकडचे शिकारी मांस मुरवायला ‘40 दिवस-अंश’ असा हिशेब करतात: रोजच्या तापमानाची बेरीज 40 झाली की कापायला घ्यायचं, म्हणजे 4 अंशांत दहा दिवस. हिशेब सोपा आणि भरवशाचा आहे.

रानातलं मांस खाणं सुरक्षित असतं का?

नीट हाताळलं तर असतं, पण चार गोष्टी माहीत हव्यात. अस्वल आणि रानडुकराच्या मांसात ट्रायकिनेला नावाची सूक्ष्म अळी असू शकते. मांस आतपर्यंत किमान 71 अंशांना शिजवा. धुरावणं, वाळवणं, खारवणं यांचा भरवसा नाही, आणि उत्तरेकडच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. जर्मनीत रानडुकराची तपासणी घरच्या खाण्यासाठीही सक्तीची आहे. सशाला टुलारेमिया हा माणसालाही लागणारा जिवाणूंचा आजार होऊ शकतो, म्हणून सोलताना हातमोजे घाला. हरिणकुळातला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्राणी झिजवून मारणारा रोग 1967 मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला आणि 2016 मध्ये नॉर्वेच्या रेनडिअरमध्ये सापडला. तो प्रायॉन म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, शिजवून जात नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित प्राण्याचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. तुमच्या भागात तपासणीची सोय असेल तर नमुना द्या आणि निकाल येईपर्यंत थांबा.

चौथी गोष्ट शिसं. शिशाची गोळी मांसात फुटून डोळ्यांना न दिसणारे कण दूरवर पसरवते, आणि लहान मुलांना व गरोदर बाईला ते अजिबात नकोत. आतडी खाणारे गरुड-गिधाडंही त्याने मरतात. डेन्मार्कने शिशाचे छर्रे 1996 पासून बंद केले, अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी 1991 पासून देशभर बंदी आहे, युरोपीय संघात पाणथळ जागांवर फेब्रुवारी 2023 पासून. मी पहिल्या दिवसापासून तांब्याच्या गोळ्या वापरते. बंदूक नव्याने त्यांच्यासाठी जुळवावी लागते, एवढंच.

आणि स्वतःचं अंगही तपासा. घरी आल्यावर गोचिडी बघायच्या, गुडघ्यांच्या मागे, काखेत, केसांत.

शिकारीने प्राणी संपत नाहीत का?

संपतात, बेलगाम केली तर. पॅसेंजर कबुतरं उत्तर अमेरिकेत आभाळ झाकतील इतकी होती. बाजारासाठी त्यांची कत्तल झाली आणि जंगलंही तुटली. शेवटचं मार्था नावाचं कबुतर 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. आजचे हंगाम, कोटे, टॅग, विणीच्या काळातली बंदी, हे सगळं अशा अनुभवांतून आलं आहे. अमेरिकेत शिकारीचं मांस विकायला साधारणपणे मनाई आहे, त्यामागेही हाच धडा आहे. तिथे 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो, आणि 1934 पासून बदकांच्या शिकारीसाठी एक खास तिकीट घ्यावं लागतं, ज्यातून पाणथळ जमिनी राखल्या जातात.

दुसरी बाजू अशी की लांडगे-बिबटे जिथे उरले नाहीत तिथे हरणं वाढून कोवळी झाडं खुडतात आणि जंगल पुढे सरकत नाही. तरी ‘आम्ही नसलो तर निसर्ग कोलमडेल’ असं म्हणणारे शिकारी मला पटत नाहीत. कोटा गणतीवर ठरला आहे की कुणाच्या दबावावर, हे शिकाऱ्याने विचारायलाच हवं.

तिथल्या मूळ रहिवाशांना वेगळे नियम कसे? हा भेदभाव नाही का?

नाही. कॅनडात मूळ रहिवाशांचे हक्क 1982 च्या राज्यघटना कायद्यात मान्य केलेले आहेत, आणि ते कुणी दिलेली सवलत नव्हेत. तुमच्या-माझ्या पासपोर्टवर शिक्का बसण्याच्या कितीतरी आधीपासून ते लोक तिथे शिकार करत आहेत. स्वीडन-नॉर्वेत सामी लोकांचे रेनडिअर ही त्यांची उपजीविका आहे. रेनडिअर दिसले की कुत्रा बांधा आणि बाजूने जा. नव्याने आलेल्याने याबद्दल तक्रार करू नये, असं मला मनापासून वाटतं.

माझा रंग वेगळा, नाव वेगळं. बंदूक घेऊन फिरताना लोक घाबरतील का?

काही जण दचकतात, हे खरं आहे, आणि ती काळजी खोटी म्हणून उडवून लावणार नाही. मी करते ते सांगते. बंदूक रस्त्यावर कायम पिशवीत, रिकामी, बोल्ट काढलेला. नारिंगी जाकीट गाडीतून उतरतानाच अंगावर. परवाना, ओळखपत्र आणि जमीनमालकाची लेखी परवानगी वरच्या खिशात, म्हणजे शोधायला हात आत घालावा लागत नाही. नव्या जागी पहिल्या दोन-तीन वेळा तिथल्या कुणाबरोबर जाते आणि आसपासच्या घरांना आधी सांगून ठेवते. पोलीस किंवा वनरक्षक आले तर बंदूक खाली ठेवून बाजूला उभी राहते आणि पहिल्या वाक्यात बंदूक कुठे आहे ते सांगते.

धनुष्यबाणाने शिकार करता येईल का?

अमेरिकेत सर्रास चालते. ब्रिटनमध्ये मनाई आहे, जर्मनीतही साधारणपणे तसंच. फ्रान्स, डेन्मार्क, फिनलंडमध्ये अटींसह चालते.

घरच्यांना हे मान्य नाही. काय करू?

त्यांना पटवायला जाऊ नका. माझ्या घरात एक जण अजूनही ते मांस खात नाही, आणि त्याच्यासाठी भांडी वेगळी आहेत. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत, किल्ली फक्त माझ्याकडे, सोलण्याचं काम घराबाहेर, एवढं मी पाळते. मुलांना मात्र सगळं दाखवलं, विचारलं तेवढं सांगितलं. धाकटीने एकदा विचारलं, “त्याला दुखलं का?” मी त्या चौथ्या हंगामातल्या हरणाची गोष्ट तिला सांगितली, न लपवता.

शिंगं किंवा कातडी मायदेशी नेता येतील का?

गृहीत धरू नका. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा साइट्स करार 1975 पासून लागू आहे. यादीतल्या प्राण्याचा कुठलाही भाग सीमेपार न्यायला कागद लागतात, मग तो तुम्ही कायदेशीरपणे मारलेला का असेना. शिवाय प्रत्येक देशाचे रोगराईचे नियम वेगळे, आणि मायदेशातला वन्यजीव कायदा आणखी कडक असू शकतो. कच्चं मांस, न कमावलेली कातडी, कवटी यांवर हमखास अडतं. विमानतळावर समजावत बसण्यापेक्षा दोन्हीकडच्या खात्यांना आधी लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

मी काहीच नेलं नाही. माझ्या पहिल्या हरणाची शिंगं शेजाऱ्यांच्या लाकडाच्या वखारीच्या दारावर ठोकलेली आहेत, त्यांच्या वडिलांनी मारलेल्या हरणाच्या शिंगांशेजारी. तिथे लावायचं त्यांनीच सुचवलं होतं.